शाळेच्या अलीकडचे शिक्षण

मूल शाळेत न घालता घरीच शिकवायचे म्हटले की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यांसमोर पुण्या-मुंबईतले एखादे जोडपे येते. बरी नोकरी सोडलेली, घरात इंग्रजी पुस्तकांची कपाटे, मुलगा सातव्या वर्षी तबला वाजवतो आणि आलेला प्रत्येक पाहुणा 'पण मग दहावीचं काय?' असे विचारून जातो. चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे या चित्रात बसत नाहीत. इथे मूल शाळेत नाही म्हणजे शाळा लांब आहे, नाल्याला पूर आहे किंवा आईबाप मिरची तोडायला तेलंगणात गेले आहेत, असाच अर्थ आजवर घेतला गेला आणि बहुतेक वेळा तो खराही होता. त्यामुळे या दोन जिल्ह्यांतल्या काही कुटुंबांनी आपली मुले सात-आठ वर्षांची होईपर्यंत ठरवून घर, गाव आणि रान यांच्या आधाराने शिकवली आणि त्याच्या नोंदी ठेवल्या, हे ऐकल्यावर मला आधी शंकाच आली. त्या नोंदींच्या या पुस्तकाचे हस्तलिखित वाचल्यावर शंका गेली नाही. तिने फक्त जागा बदलली. ती कुठली, हे पुढे येईलच.

शाळेबाहेर शिकणे या मुलखाला नवे नाही. मार्च सरत आला की मोहफुले गळू लागतात. ती गळतात पहाटे, म्हणून मोठी माणसे उजाडता उजाडता झाडाखाली पोचतात आणि लहान मूल घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचे, म्हणून तेही टोपली घेऊन मागे निघते. या पुस्तकातल्या एका नोंदीत पाच वर्षांची मुलगी अशी आजीबरोबर जाते. पहिल्या दिवशी ती वेचते कमी आणि खाते जास्त. आठवडाभरात तिला कळते की हे झाड आपले, पलीकडचे काकाचे, आणि झाडावर कुणाचे नाव नसले तरी ही वाटणी सगळे पाळतात. अंगणात पसरलेली फुले उन्हाने तपकिरी होतात, आकसतात, आणि भरभरून आणलेल्या टोपल्यांचा माल एका टोपलीत मावतो. 'बाकीचे कोण घेऊन गेलं?' असे मुलगी विचारते. आजी उत्तर देत नाही. ती एका हातात ओल्या फुलांची ओंजळ देते, दुसऱ्या हातात वाळलेल्यांची, आणि कोणती जड ते सांग म्हणते. ही आजी शाळेची पायरी चढलेली नाही. पाठ्यपुस्तकात या एका सकाळची तीन-चार वेगवेगळी प्रकरणे झाली असती आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असतो हे मुलीला कधी कळलेही नसते.

पण हीच सकाळ धोक्याचीही आहे, आणि ते न सांगता अशा पुस्तकाची प्रस्तावना लिहिणे बेजबाबदारपणाचे होईल. ताडोबाभोवतीच्या आणि ब्रह्मपुरीकडच्या गावांत वाघाच्या हल्ल्यात जी माणसे जातात, त्यांत गुराख्यांबरोबर मोहफुले आणि तेंदूपाने वेचणारेही असतात. खाली वाकलेला माणूस वाघाला जनावरासारखा दिसतो, असे इकडे सगळेच सांगतात. शिवाय फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळायची सवय आहे आणि त्यातून वणवे लागतात. नोंदीतली आजी पाला झाडूने लोटते, नीट उजाडल्याशिवाय पुढे पाऊल टाकत नाही आणि चार घरच्या बाया सोबत असल्याशिवाय निघतच नाही. रानात काय शिकायचे याच्या आधी रानात कसे जायचे हे शिकावे लागते, आणि ते शहरातून हौसेने आलेल्या आईबापांना पुस्तकातून येत नाही. ते अशा आजीकडूनच यावे लागते.

इथूनच या पुस्तकाशी माझे जुळले. सहलीचे मोल जागेवर ठरत नाही, तिथे कोण भेटले यावर ठरते, असे माझे मत आहे. ताडोबाच्या जिप्सीत बसून दहा मिनिटे वाघ पाहिलेले मूल घरी येऊन वाघाचे चित्र काढते. ते वाईट नाही. पण मोहर्लीच्या एखाद्या गाईडने त्याला मातीतले पाऊल दाखवले, ते रात्रीचे की सकाळचे हे कशावरून ओळखायचे ते सांगितले, तर ते मूल पुढचे दोन महिने अंगणात कुत्र्या-मांजरांची पावले वाचत हिंडते. चंद्रपूरच्या परकोटाचेही तसेच. जटपुरा गेटातून रोज स्कूटरवर जाणारी मुले असतात आणि त्यांना तो गोंड राजांच्या राजधानीचा दरवाजा आहे हे माहीतही नसते. मार्कंड्याला महाशिवरात्रीच्या जत्रेत आईस्क्रीम खाऊन परतता येते, किंवा वैनगंगा तिथे उत्तरेकडे का वळते असे नावाड्याला विचारता येते. सिरोंचा तालुक्यात वडधमला डायनोसॉरचे जीवाश्म सापडले आहेत. कोट्यवधी वर्षे म्हणजे काय हे सहा वर्षांच्या मुलाला कळत नाही, मलाही नीट कळत नाही, पण ज्याच्या गावच्या मातीतून असे हाड निघाले त्या म्हाताऱ्याकडून ते ऐकले की लक्षात राहते. दिवाळीनंतरची मंडई आणि झाडीपट्टीतले रात्रभर चालणारे नाटक हे तर भाषेचे विद्यापीठच. मूल दुसऱ्या अंकात झोपले तरी हरकत नाही.

या विचाराला मोठी परंपरा आहे आणि नव्या वाचकाला तिची थोडी ओळख हवी. पाश्चात्त्य देशांत तिच्या दोन धारा दिसतात. इंग्लंडमध्ये शार्लट मेसनबाईंनी १८८६ साली 'होम एज्युकेशन' लिहिले. सहा वर्षांपर्यंत रीतसर धडे नकोत, दिवसाचे कित्येक तास मुलाने उघड्यावर घालवावेत, पाहिलेले वहीत टिपावे, असे त्यांचे म्हणणे. दुसरी धारा बंडखोर. इव्हान इलिच यांनी १९७१ साली समाजच शाळामुक्त करावा असे मांडले आणि अमेरिकेत जॉन होल्ट यांनी १९७७ पासून 'ग्रोइंग विदाउट स्कूलिंग' हे नियतकालिक चालवून घरी शिकवणाऱ्या पालकांना एकमेकांशी जोडले. मूल आपले आपण शिकते, त्याच्या मागे लागू नका, हा होल्ट यांचा गाभा. मला तो पटतो, पण पूर्ण नाही. त्यांच्यासमोरचे घर होते चार माणसांचे, कुंपणातले. आपल्याकडे ओसरीवर आबाजी बसलेले असतात, शेजारची काकू न विचारता आत येते, आणि मुलाच्या 'आपले आपण' शिकण्यात या सगळ्यांचा हात असतो.

आपल्या घरच्या धारा याहून कसदार आहेत आणि त्यांतली एक तर शेजारच्या जिल्ह्यातली. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि हाताच्या कामातून, मातृभाषेतून शिक्षण देणारी नई तालीम आकाराला आली. सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने ती राबवली. सात वर्षांखालच्या मुलांसाठी 'पूर्व बुनियादी'चा प्रयोग तिथेच झाला, त्यात शांताताई नारुलकर यांचे काम मोठे. डॉ. अभय बंग याच परंपरेच्या शाळेत शिकले आणि 'माझी जादूची शाळा' या लेखात त्यांनी तिच्याविषयी लिहिले आहे. पुढे तेच डॉ. राणी बंग यांच्यासह गडचिरोलीत येऊन राहिले, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो. राणीताईंचे 'गोईण' हे या भागातल्या बायकांचे झाडांशी असलेले नाते सांगणारे पुस्तक. मुलाला झाडे शिकवू पाहणाऱ्या आईने परदेशी वनस्पतिशास्त्राच्या चित्रपुस्तिकेआधी ते वाचावे.

दुसरी धारा बालशिक्षणाची. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम करून ताराबाई मोडक महाराष्ट्रात आल्या, १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ साली अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. वारली मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही कल्पना त्यांची. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली. गुरे चरतात तिथेच शिक्षक. आज ज्याला आपण मोठ्या थाटात निसर्गाधारित शिक्षण म्हणतो, ते कोसबाडला गवतात बसून केव्हाच करून झालेले आहे. पुढे नर्मदेच्या खोऱ्यात जीवनशाळा झाल्या. गोव्यात राहुल अल्वारिस याने दहावीनंतर एक वर्ष शाळा-कॉलेजाला सुट्टी देऊन साप, मासे, शेती यांच्या मागे भटकंती केली आणि १९९९ मध्ये त्यावर 'फ्री फ्रॉम स्कूल' हे पुस्तक आले. इथल्या बऱ्याच पालकांनी ते हातोहात फिरवून वाचले आहे.

आणि हेमलकसा. १९७३ च्या डिसेंबरात डॉ. प्रकाश आणि मंदाकिनी आमटे भामरागडच्या जंगलात राहायला गेले, १९७६ मध्ये तिथे आश्रमशाळा सुरू झाली. आमट्यांची मुले त्याच शाळेत माडिया मुलांच्या बरोबरीने शिकली आणि त्यांच्या अंगणात बिबटे, अस्वले वाढली. लोक त्यातल्या बिबट्यांविषयी फार बोलतात. मला महत्त्वाचे वाटते ते हे की डॉक्टर आईबापांनी आपली मुले शहरात पाठवली नाहीत आणि वेगळीही ठेवली नाहीत. घर आणि शाळा यांच्यामधली भिंतच त्यांनी घातली नाही.

कामातून शिकणे म्हटले की एक अडचण येते आणि तिच्याकडे डोळेझाक करून चालणार नाही. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. एका पुडक्यात ७० पाने. मुले ती मोजतात, बांधतात आणि दहादहाच्या गड्ड्या करून मोजणे पटकन होते हे त्यांना कुणी न सांगता कळते. गणित म्हणून हे उत्तम. पण पुडक्यांवर घरचा रोख पैसा ठरतो, आणि पैसा ठरू लागला की मुलाने किती पाने मोजायची हे मूल ठरवत नाही. नई तालमीवरही हीच टीका झाली होती. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने, सामूहिक वनहक्क मिळाल्यावर, पानांसाठी झाडांची छाटणी होते म्हणून तेंदू तोडणेच बंद केले आणि बांबूवर भर दिला. एका गावाने आपला रोख पैसा का सोडला याची चर्चा आठ वर्षांच्या मुलापुढे करता येते, आणि या पुस्तकातल्या एका घरात ती झाली आहे. मुलगा ग्रामसभेच्या बाजूने नव्हता.

या भागाबद्दल बोलताना दादाजी खोब्रागडे यांचे नाव निघतेच. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे हे शेतकरी, शिक्षण तिसरीपर्यंत. १९८३ साली 'पटेल ३' जातीच्या धानात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या, दाणा पिवळसर आणि बारीक. त्यांनी त्या काढून प्लास्टिकच्या पिशवीत जपल्या, पुढच्या हंगामात बांधीच्या, म्हणजे धानाच्या वाफ्याच्या, मधोमध लावल्या, रानडुकरांपासून राखायला भोवती काट्या रचल्या, आणि हे वर्षानुवर्षे केले. त्यातून निघालेले वाण व्यापाऱ्याने घड्याळाच्या नावावरून 'एचएमटी' म्हणून विकले. शाळेविरुद्धचा पुरावा म्हणून ही गोष्ट सांगायची आता रीत झाली आहे. ती अर्धीच सांगितली जाते. लोंबी ओळखणारी नजर त्यांना शेताने दिली, हे खरे. पण वाण आपले आहे हे मान्य करून घ्यायला त्यांना आयुष्यभर झगडावे लागले, कारण कागद दुसऱ्यांच्या हातात होता. २०१८ साली ते गेले, तेव्हाही हलाखी संपलेली नव्हती. मुलाला बांधीत नेणाऱ्या आईबापांनी त्याला कागदही वाचता येईल हे पाहिलेच पाहिजे.

हाच माझ्या शंकेचा मुद्दा. ज्या राज्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंना शेण-माती अंगावर घेत शाळा काढावी लागली आणि १८८२ साली जोतीरावांना हंटर आयोगापुढे बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणासाठी निवेदन द्यावे लागले, तिथे 'शाळा नको' हे वाक्य कोण म्हणते आहे, हे पाहावे लागते. शाळा सोडणे आणि शाळा न मिळणे या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. त्यात आता पटाचा प्रश्न आहे. २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याची हालचाल सरकारने केली, आणि गडचिरोलीच्या टोल्यांमध्ये अशा शाळा पुष्कळ. २० मुलांच्या शाळेतून एका शिकलेल्या घराने आपले मूल काढले, तर बाकीच्या एकोणिसांची शाळा धोक्यात येऊ शकते. मला या पुस्तकात सर्वांत जास्त भावले ते असे की यातल्या बहुतेक कुटुंबांनी हे ओळखले. वय झाले तशी मुले पटावर घातली, आईबाप शाळेच्या व्यवस्थापन समितीत गेले, आणि गुरुजींशी बोलून मोहाच्या दिवसांत वर्गच झाडाखाली नेता येईल का हे पाहिले. कुठे गुरुजी हो म्हणाले, कुठे नाही.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण पालक आधी तेच विचारतात. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांचा. त्याआधीच्या वयात अंगणवाडी असो वा बालवाडी, आईबापांवर सक्ती नाही. म्हणजे या पुस्तकातली बहुतेक वर्षे कायद्याच्या कक्षेबाहेरची. सहानंतर घरी शिकवायला कायद्याने स्पष्ट परवानगी दिलेली नाही आणि स्पष्ट बंदीही घातलेली नाही. पुढे परीक्षा द्यायची तर मुक्त विद्यालयांची सोय आहे, दहावीला बाहेरून बसणाऱ्यांसाठी १७ नंबरचा फॉर्म आहे. पण हाच कायदा गावाने मिळून काही केले की कसा आडवा येतो, हे धानोरा तालुक्यातल्या मोहगावात दिसले. ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमातून शिकवणारे 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटूल' सुरू केले. शिक्षण खात्याने ते अनधिकृत ठरवले आणि प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेले. शहरातल्या एका घराने मूल घरी ठेवले तर कुणी विचारत नाही, आणि एका गावाने आपल्या भाषेत शिकवले तर नोटीस येते. हा फरक मला सलतो.

हे सगळे आत्ताच का, असा प्रश्न रास्त आहे. करोनाच्या काळात 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही मोहीम निघाली तेव्हा एटापल्ली-भामरागडकडे नेटवर्क नव्हते आणि मुले सरळ रानात, बोडीवर म्हणजे छोट्या तळ्यावर, बांधीत गेली. काही आईबापांच्या लक्षात आले की ती शिकत आहेत. शाळा उघडल्यावर बरेच जण ते विसरले, थोडे विसरले नाहीत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एक पायरी म्हणून धरला आणि घरच्या भाषेचा आग्रह केला, तोही आधार झाला. उलट बाजूने, हातात फोन आल्यापासून कुठली अळंबी खायची आणि कुठली नाही हे सांगणारी पिढी ओसरीवर गप्प बसू लागली आहे. तिला विचारणारे कुणी नाही.

पुस्तकात काय नाही ते आधी सांगतो. वयानुसार तक्ते नाहीत, 'करून पाहा'च्या चौकटी नाहीत, कुठल्या महिन्यात कुठे सहल काढावी याची यादी नाही. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात ती यादी मुलांना आजारीच पाडेल. आहेत त्या कुटुंबांच्या नोंदी, रोवणीपासून चुरणीपर्यंतच्या, मामा (माजी मालगुजारी) तलावावरच्या, आजारपणातल्या, फसलेल्या बेतांच्या. धाटणी एकसारखी नाही. एका बापाने हिशेबाच्या वहीसारखे लिहिले आहे, एका आईने पत्रांसारखे. संपादकांनी ते एकसारखे करायचा मोह टाळला, हे चांगले. नोंदी ठेवणाऱ्यांनी मधूनमधून एकत्र बसून त्या एकमेकांना वाचून दाखवल्या. ही पद्धत त्यांनी गडचिरोलीतल्याच मेंढा-लेखा या गावाकडून उचलली. तिथे देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या काळात गावाने अभ्यासगट चालवले, सर्वांची सहमती होईपर्यंत निर्णय थांबवला, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. तिथे शिकणारी मोठी माणसे होती. मूल शिकवायचे तर मोठ्यांना आधी एकत्र बसून शिकावे लागते, हे या कुटुंबांनी तिथून घेतले.

काही प्रकरणे मला कच्ची वाटतात. सापांविषयीचे लेखन धाडसी आहे. त्या पानांवर जवळच्या रुग्णालयाचा फोन छापा असा माझा आग्रह होता आणि तो मानला गेला. बापांच्या नोंदी आयांच्या मानाने फार थोड्या आहेत, आणि 'कुटुंब' म्हणताना घरात मुलाला कोण सांभाळते हे त्यातूनच कळते. सर्वांत मोठी उणीव अशी की बहुतेक लिहिणारी माणसे शिकलेली, नोकरी किंवा संस्थेत असलेली, बाहेरून येऊन इथे राहिलेली आहेत. भामरागडकडच्या एका माडिया आईची नोंद आहे, पण ती तिने सांगितलेली आणि दुसऱ्याने मराठीत उतरवलेली. पुस्तकातले सर्वांत चांगले प्रकरण तेच आहे. पुढच्या आवृत्तीत ते माडियात छापावे, शेजारच्या पानावर मराठी द्यावे आणि तिचे मानधन इतरांइतकेच असावे, असे मी संपादकांना कळवले आहे. मानधनाचे त्यांनी लगेच मान्य केले. पाने वाढली की किंमत वाढते, म्हणून छपाईचे अजून ठरायचे आहे.